डाव्या बाजूचे दोन कप

चष्मेवाल्याला कुठल्याही वाकड्या नाकावर चष्मा सरळ बसवता येई. स्वतःची जीभ मात्र ताळ्यावर ठेवता येत नसे. थोरला भाऊ अर्धांगवायूने इस्पितळात पडला, त्याची वाचा गेली, तेव्हा या शहाण्याने खाटेशेजारी उभं राहून वहिनीला सांगितलं की, दादाची जुनी गाडी आता चालवणार कोण, टाकू विकून एखाद्या हौशी माणसाला. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसावं, असा त्याचा सोयीस्कर समज. दादाने त्या दिवसापासून तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांशी आला की मान भिंतीकडे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, घरी कदाचित खातील. नाहीतर कठीण आहे. रुग्णवाहिकेचं नाव काढताच दादाने शाबूत हाताने खाटेची दांडी आवळून धरली. आपल्याच गाडीतून जाऊ, असं वहिनी म्हणाली तेव्हा कुठे ती मूठ सुटली.

म्हणून चष्मेवाला सकाळीच गाडीवरचं कापड काढायला गेला आणि कपाळाला हात लावून खाली बसला. चारही चाकांचे व्हीलकप चोराने लांबवले होते.

त्या चकचकीत झाकणांवर दादाचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं खुद्द बायकोचंच म्हणणं होतं. दर सुट्टीला तो ती घासूनपुसून इतकी लख्ख करी, की पुढच्या चाकासमोर उकिडवं बसून मिशी कातरता यावी. आता ती चाकं कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. दादाला हे दिसलं की संपलंच. गाडी मोडीत काढली, आपल्यालाही काढलं, एवढंच तो समजणार. मग त्याचं तोंड कोण उघडणार?

चष्मेवाला भंगारवाल्याकडे धावला. तिथे व्हीलकपांचा ढीग होता, पण दादाच्या गाडीचा एकही नव्हता. एक इतका मोठा, की धाकट्याने थोरल्याची टोपी घातल्यासारखा दिसे. एक प्लास्टिकचा. एकाला पोचा असा, की जणू कोणी त्याच्यावर राग काढला असावा. चष्मेवाला एकेक कप हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, सवयीने पुटपुटत होता, "हा बरा दिसतो की तो?"

"तुम्ही आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या," भंगारवाला म्हणाला. मग चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी बघून ओशाळला आणि त्याने ढिगाच्या तळातून बऱ्यापैकी जुळणारे दोन कप ओढून काढले. त्याच्याकडे जोडी होती, चौकडी नव्हती.

बुडत्याला काडीचा आधार. दादा डावीकडून येईल, डावीकडेच बसेल. उजवी चाकं बघतो कोण? चष्मेवाल्याने दोन्ही कप डाव्या चाकांवर ठोकले आणि ती बाजू इस्पितळाच्या पायऱ्यांकडे करून गाडी उभी केली. वहिनीने एक चक्कर मारून विचारलं, "भाऊजी, आणि त्या बाजूचं काय?" त्याने तिला हात जोडले.

चाकांची खुर्ची डाव्या दाराशी आली. दादाने चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. हात उचलून त्याने बॉनेटपलीकडे बोट दाखवलं. या गाडीत तो जन्मभर एकाच दाराने चढला होता, चालकाच्या. हे दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं.

खुर्ची वळसा घेऊन उजवीकडे गेली. दादा उघड्या चाकांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले.

"वि... विकली."

इतक्या दिवसांनी फुटलेला पहिला शब्द, आणि तो हा. चोरी झाली म्हणून चष्मेवाल्याने शपथ घेतली, ती त्याच्याच कानाला खोटी वाटली. मग तो खुर्चीपुढे बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. भंगाराचा ढीग, जोडी, लपवाछपवी.

"विकायचं मीच बोललो होतो, दादा. चुकलो. पण विकली नाही रे."

दादाने खुणेनेच खुर्ची पुन्हा डावीकडे न्यायला लावली. बोटाच्या पेराने नवा कप वाजवला. आवाज ऐकून त्याने नाक मुरडलं.

"काढ."

चष्मेवाल्याने पान्याने दोन्ही कप उचकटले. दादाला डावीकडच्या आसनावर बसवलं, तेव्हा त्याने एक कप मागून घेतला आणि मांडीवर उभा धरला. गाडी निघाली. चौकात घर उजवीकडे होतं. दादाने मांडीवरचा कप स्टिअरिंगच्या चाकासारखा, एका हाताने, हळूहळू डावीकडे फिरवला.

"अहो, घर तिकडे," वहिनी मागून म्हणाली.

डावीकडे भंगारवाल्याची गल्ली होती. चष्मेवाल्याने भावाच्या हाताकडे पाहिलं आणि आपलं चाकही डावीकडे वळवलं.