काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं नाव

आज दुकानात काउंटरसाठी नवा कॉम्प्युटर आला. खोक्यातल्या थर्माकोलचा वास नाकात गेला आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली एक दुपार आठवली.

बोदवडच्या आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानात तेव्हा दोन कॉम्प्युटर होते. मी बिलं करायचे त्याचं नाव ‘काउंटर’. आतला, प्रिंटर जोडलेला, ह्यांच्या नावाचा. त्या दुपारी बिल छापेना. गिऱ्हाईक खोळंबलेलं, शेजारी सासरे, आबा, बसलेले. जळगावच्या मेकॅनिकला फोन लावला.

"वहिनी, प्रिंटर ज्याला जोडलाय त्या कॉम्प्युटरचं नाव सांगा."

सासऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव कसं घेणार? माझे कान तापले.

"काय इचारतोय तो? सांग ना व माय," आबा म्हणाले.

मी त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता सांगितला, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच." ही वेळ कधीतरी येणार म्हणून तो पाठच करून ठेवला होता.

मेकॅनिक मोठ्याने हसला. "आकडे पाठ करावे लागू नयेत म्हणून तर नावं देतो, वहिनी!" बिल निघालं. मी मात्र संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

आज त्या लाजेचं मला हसू येत होतं. तेवढ्यात नवा कॉम्प्युटर जोडणाऱ्याने विचारलं, "मॅडम, याला नाव काय देऊ? त्यावर जो बसतो त्याचंच देतात."

माझं नाव अगदी ओठांवर आलं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानातही कोणी नव्हतं. तरी स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायच्या विचारानेच कान तसेच तापले.

"काउंटरच राहू द्या," मी म्हणाले.