चार जादा लेबलं

"आणखी चार करून ठेवा, सर." उपनिरीक्षक शिर्क्यांनी कागदाची चार कोरी लेबलं माझ्यासमोर सरकवली. "एखादं फाटतं, एखाद्यावर लाख सांडते. तेवढ्यासाठी परत कुठे बोलावू तुम्हाला?"

माणूस सौजन्याने बोलत होता. चहाही पाजला होता. मी पेन काढलं आणि चारही लेबलांवर सही ठोकली. आर. आपटेकर, खाली एक रेघ. विद्यार्थ्यांच्या जर्नलवर आयुष्यभर केली तशीच, न बघता.

त्या चार सह्यांनी पुढचा महिनाभर माझी झोप उडवली.

मी पनवेलजवळच्या एका सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत कॉम्प्युटर शिकवत होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही. शिर्के हे नाव बदललेलं आहे. ठाण्यात मी गेलो होतो पंच म्हणून. पंच म्हणजे पोलिसांची झडती किंवा जप्ती बघणारा त्रयस्थ माणूस. पोलीस म्हणतात तसंच घडलं, याचा साक्षीदार. बाहेरची माणसं पंच व्हायला तयार नसतात, कारण पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून पोलीस सरकारी कार्यालयांना पत्र पाठवतात, "दोन शासकीय पंच उपलब्ध करून द्यावेत." मग ज्याच्या टेबलावर त्या दिवशी काम कमी दिसतं त्याचा नंबर लागतो. आमच्याकडून मी आणि स्टोअरकीपर म्हात्रे असे दोघे गेलो. "मोबाइलची जप्ती आहे, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच जा," असं प्राचार्य मॅडम म्हणाल्या होत्या.

मोबाइल प्रमिलाचा होता. प्रमिला आपटा गावाजवळच्या कातकरी वाडीतली, वय बावीस-तेवीस. द्रोणागिरीच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. वाडीत एक दिवस काही माणसं टेप घेऊन आली, जागा मोजली आणि घरांच्या दारांवर लाल फुल्या मारून गेली. नोटीस नाही, काही नाही. प्रमिलाने त्याचा व्हिडिओ काढला. शेवटी म्हणाली, सोमवारी सगळ्यांनी प्रांत ऑफिसला जाऊ आणि विचारू. व्हिडिओ पसरला आणि तिच्यावर अफवा पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. फुल्या दारांवर अजून दिसत होत्या, पण ते असो.

"पॅटर्न सांग," शिर्के तिला म्हणाले. म्हणजे मोबाइल उघडण्यासाठी स्क्रीनवर बोटाने काढायची खूण.

तिने माझ्याकडे पाहिलं. पंचनाम्यासाठी माझं नाव मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हाच तिने मान वर केली होती.

"सर, तुमी आपटेकर, म्हंजे आमच्याच गावचे ना? सांगायलाच लागतंय का ओ?"

आमचं घराणं मूळ आपट्याचं, हे खरं. आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. पणजोबांचा आपट्यात तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. गाव सुटून तीन पिढ्या झाल्या, आडनाव तेवढं उरलं. त्या आडनावावर विसंबून ही पोरगी मला विचारत होती.

प्रश्न साधा होता. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते की नाही, यावर कायदेवाल्यांतच एकमत नाही. पण "वकिलाला विचारून सांगते" एवढं म्हणायचा तिला हक्क होता. सायबर सिक्युरिटीच्या तासाला मी हे पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मात्र मी स्वतःला सांगितलं की पंचाने बघायचं असतं, बोलायचं नसतं. आणि चहाच्या कपात पाहत राहिलो.

तिने पॅटर्न काढून दाखवला. शिर्क्यांनी तो एका चिठ्ठीवर उतरवून घेतला.

मग मोबाइल बंद करून खाकी पाकिटात घातला. पाकिटाच्या तोंडावर लेबल चिकटवलं. त्यावर माझी सही, म्हात्र्यांची सही, त्यावर लाखेचं सील. नव्या कायद्याप्रमाणे जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, ते एक हवालदार करत होता.

"साहेब, हॅश व्हॅल्यू काढणार ना?" मी विचारलं.

हॅश म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी खळ्यावर भाताची रास लागली की तिच्यावर राखेचे ठसे मारून ठेवत. कुणी मूठभर भात उचलला किंवा टाकला, तरी ठसा मोडायचा. मोबाइलमधल्या सगळ्या माहितीचा तसाच ठसा काढता येतो. अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते. आत एक स्वल्पविराम बदलला, तरी ती पूर्ण ओळ बदलते.

"ते लॅबवाले काढतात, सर. आमच्याकडे कुठे मशिन?" शिर्के म्हणाले. मशिन नव्हतं हे खरंच होतं. मी विषय सोडला.

शूटिंग थांबलं आणि मग ती चार जादा लेबलं आली. माझ्या सह्या झाल्यावर शिर्क्यांनी ती म्हात्र्यांपुढे ठेवली. म्हात्र्यांनी एका बोटाने परत ढकलली.

"मी नाय करत कोऱ्यावर सही."

"अहो म्हात्रे, नुसती लेबलं आहेत," मी म्हणालो.

"नुसती हायत ना? मग लागतील तवा बोलवा. मी येईन. चालत येईन."

शिर्के हसले. मीही हसलो. लेबलं माझ्या एकट्याच्या सह्यांसकट ड्रॉवरमध्ये गेली. परत येताना रिक्षात म्हात्रे म्हणाले, "सर, स्टोअरला कोऱ्या स्लिपवर सही केली का दुसऱ्या दिवशी पंखा गेल्याला असतो. तुमी शिकल्याली मानसं, तुमच्या ध्यानात नाय यायचं." मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला.

आठ दिवसांनी स्टाफरूममध्ये पेपर उघडला तर आतल्या पानावर बातमी. आपट्याजवळच्या त्या तरुणीला अटक. तिच्या मोबाइलमध्ये "येताना दगड आणा" असा ऑडिओ सापडला. त्यामुळे कलमंही वाढली होती.

मी बातमी दोनदा वाचली.

सीलबंद पाकीट उघडायचं ते फॉरेन्सिक लॅबने. लॅबची रांग मोठी, नंबर लागायला महिने जातात. मग आठ दिवसांत पनवेलमध्ये बसून मोबाइलमधला ऑडिओ सापडला कसा? पाकीट उघडल्याशिवाय शक्य नाही. उघडलेलं पाकीट पुन्हा बंद करायचं तर पंचाच्या सहीचं लेबल लागतं. आणि ते ड्रॉवरमध्ये तयार होतं. मीच दिलेलं.

ऑडिओ तिचा असेल, नसेलही. ठसा काढलेला नव्हता, त्यामुळे तो आधीपासून आत होता की नंतर आला, हे सांगायला कुणी नव्हतं. होती ती फक्त माझी सही, आणि ती सांगणार होती की सगळं ठीक आहे.

त्याच दुपारी मी ठाण्यात गेलो.

"साहेब, ती जादाची लेबलं परत हवी होती."

"कुठली लेबलं, सर?" मग आठवल्यासारखं करून, "हां, ती होय. ती फाडून टाकली. जादाच होती ना?"

"चारही?"

"चारही." शिर्के माझ्याकडे पाहून हसले. "रिटायर कधी होताय?"

"आठ महिन्यांनी."

"मग कशाला डोक्याला ताप करून घेता? आराम करा आता."

वाक्य साधं होतं. धमकी म्हणावी तर धमकी नाही, काळजी म्हणावी तर काळजी नाही. एसटी स्टँडपर्यंत चालत आलो तरी मला त्याचा उलगडा होईना.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "आपटेकर सर, पोलीस ठाण्यातून फोन होता. तुमचे पेन्शनचे पेपर माझ्या टेबलावर आहेत. एखादी चौकशी मागे लागली तर ते हलणार नाहीत. मी घाबरवत नाहीये, काळजीने सांगतेय." आणि त्या खरंच काळजीने सांगत होत्या, म्हणून मी जास्तच घाबरलो.

घरी येऊन मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी माझा मोबाइल साफ करायला बसलो. सरकारवरचे विनोद काढून टाकले. दोन ग्रुप सोडले. मुलगी परदेशात आहे, तिच्याशी झालेल्या गप्पासुद्धा पुसल्या. त्यात होतं काय, तर नातवाचे फोटो आणि सांदणांची कृती. काही न केलेला माणूस स्वतःचा फोन धुऊन काढायला लागला, की समजावं भीती घरात शिरली आहे.

बायको, एस्तेर, बघत होती. "अहो, त्या पोरीचा फोन कुणी उघडला म्हणून तुम्ही तुमचा पुसताय?" ती म्हणाली. "काय सांगायचंय ते लिहून द्या. तोंडी बोललेलं सरकारला ऐकू येत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

शुक्रवार होता. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग लिहायचं नाही. मी दुपारीच कागद पुढे ओढला. एक पान लिहिलं: अमुक दिवशी जप्तीनंतर मी चार कोऱ्या लेबलांवर सह्या केल्या. दुसऱ्या पंचाने केल्या नाहीत. पाकिटावर माझ्या एकट्याच्या सहीचं लेबल आढळल्यास ते माझ्यासमोर लावलेलं नाही, असं समजावं.

पत्र घेऊन ठाण्यात गेलो. आवक टेबलावरच्या बाईंनी ते वाचलं आणि शिक्का मारायला उचललेला हात खाली ठेवला. "हे साहेबांना दाखवावं लागेल. साहेब बाहेर गेलेत." आवक नंबर पडला नाही तर सरकारी भाषेत ते पत्र जन्मलेलंच नसतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी हेच बघत आलो होतो. तडक पोस्टात गेलो आणि दोन स्पीड पोस्ट केली. एक ठाण्याला, एक मॅजिस्ट्रेट कोर्टाला. घरी पोचलो तेव्हा एस्तेर दिवे लावत होती. प्रार्थना म्हटली, पण मन त्या पोस्टाच्या पावतीतच अडकलेलं होतं.

मग वाट पाहणं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. माझा पेन्शनचा कागद हलला नाही. फक्त म्हात्रे रोज यायचे, अर्धा वडापाव माझ्यापुढे ठेवायचे.

दोन आठवड्यांनी समन्स आलं. प्रमिलाच्या वकिलांनी कोर्टाला गेलेल्या माझ्या पत्राची प्रत मिळवून जामिनाच्या अर्जाला जोडली होती. आवाज आपला नाही, असं प्रमिला म्हणत होती. मॅजिस्ट्रेट मॅडमनी पाकीट कोर्टात मागवलं होतं. तारखेला मी कोर्टात गेलो, तेव्हा शिर्के भिंतीला टेकून उभे होते. प्रमिला दोन महिला पोलिसांच्या मधे उभी होती, आधीपेक्षा बारीक झालेली.

पाकीट माझ्या हातात दिलं.

"ही सही तुमची आहे?" मॅडमनी विचारलं.

"होय, मॅडम."

शिर्क्यांनी खांदे सैल सोडलेले मला दिसले.

"म्हणजे हे सील तुमच्यासमोर झालं?"

इथे एक "होय" पुरलं असतं. मी दुपारच्या लेक्चरला पोचलो असतो, पेपर हलले असते. लेबलावर माझी सही होती, खाली नेहमीची रेघ. तिच्या शेजारी, जिथे म्हात्र्यांची वाकडी सही असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं.

"सही माझी आहे, मॅडम. लेबल माझ्यासमोर लावलेलं नाही. माझ्यासमोर लावलं त्यावर दोन सह्या होत्या. कोऱ्या लेबलावर सही केली, ती माझी चूक."

मॅडमनी पंचनामा उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, "दोन्ही पंचांच्या सह्यांचे लेबल लावून." त्यांनी शिर्क्यांकडे पाहिलं.

"मॅडम, पाकिटाला पाणी लागलं होतं, म्हणून बदललं."

"नोंद कुठे आहे?"

नोंद नव्हती. कदाचित खरंच पाणी लागलं असेल. पण सील लावतात ते एवढ्यासाठीच, की कुणाच्या शब्दावर अवलंबून राहायची वेळ येऊ नये.

प्रमिलाला त्या दिवशी जामीन मिळाला. मोबाइल लॅबला गेला, पाकीट मध्ये उघडलं गेल्याच्या शेऱ्यासकट. तो ऑडिओ कुणाचा, हे अजून ठरायचं आहे. शिर्क्यांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी झाली म्हणतात.

कोर्टाबाहेर ती आईबरोबर उभी होती. मी जवळ गेलो. तिने आभार मानले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सर, त्या दिवशी मी विचारलं तवा तुमी चा पित होता," ती म्हणाली.

मी मान हलवली, होय म्हणून.

"आज तुमी बोलले, बरा झाला. पन माजे एकोनीस दिवस गेले. गोदामवाल्यांनी नाव काढून टाकलंय." आणि ती आईचा हात धरून स्टँडकडे निघून गेली.

मी आता रिटायर झालो आहे. पेन्शन सुरू झाली, उशिरा पण झाली. पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर काय करावं, असं कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगतो: सोबत म्हात्रे असावेत आणि चहा नंतर प्यावा.

राहता राहिली लेबलं. एक कोर्टात जमा आहे. म्हणजे "चारही फाडली" हे खोटं होतं. उरलेली तीन तरी फाडली, असं शिर्क्यांचं म्हणणं आहे. फाडताना पंच कुणी नव्हतं.