धुतलेल्या फण्या

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षं घरी बसल्यावर 'मी कामाला जातो' म्हणाला, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला काळजीच लागली. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज बरेच मागे हटलेत, पण सकाळी अंग जड असतं, हात सावकाश चालतात.

रावेरला आमच्या घराजवळच केळीचं पॅकिंग चालतं. तिथला मुकादम माझा जुना विद्यार्थी. तीस वर्षं वर्गात हुकूम सोडलेली बाई मी. निवृत्त झाल्यावर ती खोड थोडीच जाते! त्याला गाठून बजावलं, "त्याला हलकं काम दे. आणि त्याला कळू देऊ नकोस."

मुकादमाने माझा शब्द पाळला. बाकीचे घडावरून फण्या कापत, हौदात धुवत, आणि त्यातल्या काही धुतलेल्या फण्या माझ्या भावापुढे येत. त्या तो दुसऱ्या हौदात, गरज नसताना, पुन्हा धुवायचा. पाच दिवस तो वेळेवर गेला. मी गल्लीभर कौतुक सांगत फिरले.

सहाव्या दिवशी तो उठेना. माझा पारा चढला. "एवढ्यात कंटाळलास? रोज जावं लागतं, यालाच काम म्हणतात!"

त्याने खुंटीवरचा शर्ट काढून माझ्यापुढे धरला.

"अक्का, पाच दिवस झाले. चीक कुठी हाये?"

ताज्या कापलेल्या फणीतून चीक गळतो. त्याचे तपकिरी डाग कपड्यावरून जन्मात जात नाहीत. टोळीतल्या प्रत्येकाचे कपडे त्या डागांनी भरलेले. याचा शर्ट स्वच्छ होता आणि तो रोज धुणारी मी, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मले पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला.

"मग पाच दिवस कशाला गेलास?"

"तू डबा किती हौसेनं भरत व्हती."

मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याच्यासमोरच मुकादमाला फोन लावला. "त्याला ताज्या फण्यांच्या पहिल्या हौदावर घे. बाकीच्यांना वागवतोस तसंच वागव. नाही जमलं, तर त्यालाच सांग, मला नको."

तो गेला. दिवसभर मी दाराशी चकरा मारल्या.

संध्याकाळी तो आला, बाह्यांवर डाग घेऊन. मोरीत हात धुताना म्हणाला, "आज मुकादम वरडला."

माझं डोकं फिरलं. कालचं पोर, माझ्या भावावर आवाज चढवतं? मी फोन उचलला. त्याने येऊन ओला हात फोनवर ठेवला.

"राहू दे, अक्का. ट्रक उभा व्हता, आम्ही मागं पडलो. तो साऱ्याइलेच वरडला." मग हात पुसत म्हणाला, "मले बी वरडला."

हे सांगताना तो हसत होता.