पास्कूबाबांच्या खोलीतला जॅझ

पास्कूबाबा गेले ते मला नळावर कळलं. हंडा भरत होते आणि शेजारची गुजराती भाभी म्हणाली, "तुला नाय मालूम? बाजावाला अंकल तो ऑफ थई गया. टीबी हतो ने." हंडा भरून वाहायला लागला तरी मी तशीच उभी… रडू यायच्या आधी भीतीच आली, कारण माझा बाळू सगळा पावसाळा त्यांच्या मांडीवर बसलेला.

मिठागरांजवळच्या नवघर गावात, आमच्या चाळीमागे त्यांचं कौलारू घर. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचे, मग हॉटेलवाल्यांना बँड नकोसा झाला तसे गावी आले. मी सातवी नापास, जॅझ कुठलं मला माहीत, पण त्यांची रेकॉर्ड लागली की बाळू रडायचा थांबायचा म्हणून दुपारी जायचे. ते म्हणायचे, "मोठा बँड नको ऐकू पोरी, चार-पाच माणसांचा ऐक. आता पियानोवाल्याची पाळी हाय, बाकीचे गप र्‍हातील." एक जुनी रेकॉर्ड होती, खरखरायची, त्यात सगळे एकदम भांडल्यासारखे वाजवायचे आणि तरी मजेत असायचे. एक नवी, तिच्यात मधेच इतकी शांतता की मला वाटायचं लाईट गेली. पण त्यांची लाडकी तिसरीच, तिच्यात सॅक्सोफोनवाला फुंकायच्या आधी दम घेतो ते ऐकू यायचं. "ऐकलास? माणूस हाय तो, मशीन न्हाय," म्हणायचे आणि खोकायचे, खोकून झालं की म्हणायचे, "मिठागराची हवा गो."

एकदा त्यांनी सॅक्सोफोनच्या तोंडाशी असते ती वेताची पट्टी जिभेने ओली केली, ओली केल्याशिवाय ती बोलतच नाही म्हणे, आणि तो तोंडाकडचा तुकडा बाळूच्या ओठांना लावला. पँ! मला हाक मारायला आलेल्या सासूबाई दारातूनच ओरडल्या, "अगो, उष्टं घालतायत पोराच्या तोंडात नि तू हसतेस काय?" बाबा म्हणाले, "आजी, तुमच्या नातवाला नोकरी लागली!" मग त्यापण हसल्या…

आता बाळू खोकतोय. परवा डॉक्टरांनी टीबी आहे का बघायला त्याच्या हातावर सुई टोचली, म्हणाले, जागा फुगून वर आली तर लगेच घेऊन या.

आज बाबांच्या बहिणीने, मार्थामावशीने हाक मारली म्हणून त्यांच्या खोलीत गेले. कॉट धुऊन उभी करून ठेवलेली. मावशी म्हणाली, "दाक्तरकडं गेलाच न्हाय गो तो. फुंकायचं बंद करतील म्हणून भ्यायचा." मला त्यांचा राग करायचा होता, आला नाही. तिने तीच तिसरी रेकॉर्ड लावली, बाळू माझ्या कडेवर टाळ्या वाजवायला लागला, घामाने नुसता चिंब.

"एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा कशाला घातलास पोराला? वर कर की त्या बाह्या," मावशी म्हणाली.

मी हो म्हटलं. रेकॉर्ड संपली, तिने बाजू पलटली, आणि मी अजून त्या सुईवाल्या हाताची बाही धरूनच बसलेय…