सर्व्हरची तब्येत

माउसला हात लावायच्या आधी मावशी दोन्ही हात पदराला पुसत. हात कोरडे असले तरी. मग खुर्ची पुढे ओढत आणि शेजारच्याला म्हणत, "हां, आता सांग. काय बिघडेल ते माझ्या नावावर."

नव्या यंत्राला दुसऱ्याच्या घरचं काचेचं भांडं धरावं तसं धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती सहसा यंत्रापासून चार हात लांबच राहतात. मावशी मात्र पंचावन्नाव्या वर्षी परळच्या आमच्या कॉलेजात वेब डिझाइनच्या वर्गाला येऊन बसल्या होत्या. एका वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स. आम्ही सगळे अठरा-एकोणीसचे, बारावीला आपटलेले किंवा आपटता आपटता वाचलेले. पहिल्या दिवशी त्या दारात आल्या तेव्हा आम्ही मॅडम समजून उभे राहिलो. "बसा रे, बसा," त्या म्हणाल्या. "मी पण तुमच्यातलीच. रोल नंबर एकेचाळीस."

मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला नव्हता. वडिलांनी ही बातमी लालबागच्या आमच्या चाळीत चारही मजल्यांवर स्वतः पोचवली होती. वर्गातल्या पोरांकडून मावशींच्या कानावर ती गेली आणि त्या दिवसापासून त्या मला इंजिनियर म्हणायला लागल्या. मी चिडलो तर म्हणाल्या, "कॉलेजनं नाही दिली ना पदवी? मग मी देते. घे की."

वर्गात मला सगळं इतरांच्या आधी येत असे, आणि येत नसलं तरी येतंय असं वाटत असे. सरांनी लॅबच्या चाव्या माझ्याकडे देऊन ठेवल्या होत्या. त्या बोटात फिरवत मी मशिनांच्या रांगांमधून हिंडायचो. आज ते ध्यान आठवलं की स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्यात असं वाटतं.

मावशी तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या वॉर्डात आया होत्या. नवरा गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर त्याने एक जुना कॅमेरा मिळवला आणि भायखळ्याच्या त्यांच्या चाळीतली बारशी, साखरपुडे, जयंतीच्या मिरवणुका, गॅलरीत निवांत बसलेली माणसं, असे फोटो काढत राहिला. तो वारला तेव्हा मागे चपलेच्या खोक्यात साठ फोटो राहिले. मूलबाळ नव्हतं. आता चाळ पाडायला काढली होती आणि बिऱ्हाडं कुठे कुठे जाणार होती. मावशींना ते साठ फोटो एका पानावर लावायचे होते. विरारला गेलेल्याने उघडलं तरी दिसले पाहिजेत, बदलापूरला गेलेल्याने उघडलं तरी दिसले पाहिजेत. कोर्सला येण्याचं कारण एवढंच.

पान लिहिताना जी खूण, म्हणजे टॅग, उघडायची ती बंदही करायची, हे त्यांना आमच्या आधी कळलं. त्या खुणांना त्या डबे म्हणत. रोज एकदा तरी लॅबच्या त्या टोकाकडून हाक यायची, "ए इंजिनियर, माझा एक डबा उघडा राहिलाय बघ!" आमच्या सगळ्यांच्या साइटी काळ्याकुट्ट, त्यावर फिरणाऱ्या लाल-निळ्या ज्वाळा. मावशींनी आपल्या खोलीच्या भिंतीचा रंग शोधण्यात तीन दिवस घातले. मी एक हिरवा दाखवला तर म्हणाल्या, "हा हॉस्पिटलचा हिरवा रे. हा तीस वर्षं बघितलाय. घरचा दाखव."

एकदा सरांनी शिकवलं की प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची असते. ज्याला दिसत नाही त्याला मशिन ती ओळ वाचून दाखवतं, आणि फोटो उघडलाच नाही तर चौकटीत ती ओळ दिसते. आम्ही ‘फोटो एक’, ‘फोटो दोन’ असं लिहून मोकळे झालो. मावशी दोन आठवडे लिहीत बसल्या. सरांनी खांद्यावरून वाकून वाचलं:

‘कमळाबाई, दुसरा मजला. नाकातली चमकी नवी आहे, म्हणून मान जरा तिरकी केली आहे. मागे दोरीवर मुलाची शाळेची चड्डी.’

‘बारशाचा फोटो. सगळ्या बाया वाकल्यामुळे बाळ दिसत नाही. पण बाळ आहे.’

"मावशी, थोडक्यात लिहा ना," सर म्हणाले.

"सर, ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी असायची पेशंटच्या. विचारायचे, आया, बाहेर काय दिसतंय? तिथं थोडक्यात सांगून भागतं होय?"

सर पुढच्या मशिनकडे वळले. पुढे परीक्षेत त्यांनी मावशींना माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त दिले आणि मी चार दिवस धुसफुसत होतो.

फोटो त्यांनी कॉलेजच्या स्कॅनरवर एकेक करून घेतले. खोकं मांडीवर, फोटो पदराने पुसायचा, काचेवर पालथा ठेवायचा आणि दिवा सरकत जाईपर्यंत झाकणावर हात ठेवून उभं राहायचं. सगळे फोटो मशिन नंबर सतराच्या पोटात गेले. खिडकीजवळचं ते मशिन त्यांचं ठरलेलं होतं.

आता जे घडलं ते सरळ सांगतो. फिरवून सांगायची सवय मला पुष्कळ वर्षं होती.

टर्मच्या शेवटच्या आठवड्यात मावशींनी सतरा नंबरवर पान उघडून मला दाखवलं. साठही फोटो दिसत होते. "चढव आता नेटवर," त्या म्हणाल्या. पोरं गेटवर माझी वाट बघत होती. कुठे जायचं होतं ते आज आठवतही नाही. पान आणि फोटो या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पान चढवलं म्हणजे फोटो आपोआप चढत नाहीत, तेही वेगळे चढवावे लागतात, हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. मी नुसतं पान चढवलं. चढवलेलं पान उघडून बघितलं नाही.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं. आता जग बुडालं तरी तुमचे फोटो कुठे जात नाहीत."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी केस नीट करत पळालो.

त्या उन्हाळ्यात चाळ रिकामी झाली. एकेक बिऱ्हाड टेम्पोत चढत होतं आणि मावशी खोकं घेऊन खाली उभ्या राहत होत्या. ज्याचा फोटो त्याला दिला. फोटोत त्या आणि दुसरं कुणी असेल तर दुसऱ्याला दिला. त्यांच्या प्रत्येक फोटोत दुसरं कुणीतरी होतंच, त्यामुळे त्यांच्याकडे एकही उरला नाही. हे त्यांनीच मला नंतर हौसेने सांगितलं. "म्हटलं, आपले कॉम्प्युटरात आहेत. कागद ज्याचा त्याला जाऊ दे."

कोर्स संपला तरी लॅबच्या चाव्या माझ्याकडेच होत्या. त्याच सुमारास सर मला म्हणाले, "नवी बॅच येतेय. सगळ्या मशिनांमधलं जुनं पुसून घे." मी एका दिवसात चोवीस मशिना पुसल्या. शीळ घालत. सतरा नंबरही.

जूनमध्ये मावशी लॅबच्या दारात उभ्या. अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरातून दोन बस बदलून आल्या होत्या. "अरे, बदलापूरहून फोन आला होता. म्हणे फोटो येत नाहीत, नुसतं लिहिलेलं येतंय. माझाच कुठला तरी डबा उघडा राहिला असणार. बघ ना जरा."

मी पान उघडलं. साठ रिकाम्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत मावशींची ओळ. मला क्षणात सगळं कळलं. सतरा नंबरवर एक नवा मुलगा गेम खेळत होता.

"सर्व्हर डाउन आहे, मावशी," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे… आजारी आहे."

"अगं बाई. मग उगाच हात लावू नकोस त्याला. पेशंटला आराम पाहिजे." आणि जाता जाता वर म्हणाल्या, "तुला उगाच त्रास दिला रे. मला वाटलं माझंच चुकलं."

पुसलेलं परत काढणारी सॉफ्टवेअरं असतात. ती लावून मी तीन दिवस सतरा नंबरसमोर बसलो. हाती एक फोटो लागला, तोही वरचा तुकडा. कपड्यांची दोरी, आकाश आणि कुणाच्या तरी केसांत माळलेला अबोलीचा गजरा. गजऱ्याखाली राखाडी पट्टे. ती बाई कोण, हे मला कधीच कळलं नाही. डोळे मिटले की ती यायची, आणि यायची तेव्हा गजऱ्याखाली तिला तोंड नसायचं.

मावशींचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. "काय इंजिनियर? सर्व्हरची तब्येत कशी आहे?" मी सांगायचो, काम चालू आहे. "चालू दे, चालू दे. घाई नको." वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकाने डॉक्टरांशी बोलावं तशा अदबीने त्या माझ्याशी बोलत. एकदा फोन ठेवल्यावर माझी आई, जी चाळीस वर्षं लालबागमध्ये राहूनही मालवणीच बोलते, ती म्हणाली, "त्या बाईक एकदा खरा काय ता सांग आणि मोकळो हो." मी तिच्यावरच ओरडलो.

सांगायचं ठरवून मी एकदा मावशींना दादरला चहाला बोलावलं होतं. त्या आल्या, बसल्या, बशीत चहा ओतला. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं माझ्याकडं आता काहीच नाही बघ. तो सर्व्हर बरा झाला ना, की मला एकदा सगळे लागोपाठ बघायचेत. तू शेजारी बस. मधे बोलायचं नाही." मी मान हलवली. बिल दिलं. त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

त्यानंतर मी त्यांचे फोन उचलणं बंद केलं. मोबाइल टेबलावर थरथरायचा आणि मी तो पालथा घालायचो. मग फोन येणंही बंद झालं. मला नोकरी लागली, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. लोक मला खरोखरच इंजिनियर म्हणायला लागले. मावशींचं पान मात्र मी बंद पडू दिलं नाही. तेवढी तरी लाज होती म्हणा, किंवा भीती.

गेल्या वर्षी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशींची पुतणी. मावशी गेल्या होत्या, रविवारी पुण्यानुमोदनाचा विधी होता. "काकीच्या डायरीत पहिल्या पानावर तुमचा नंबर आहे," ती म्हणाली.

अँटॉप हिलच्या त्या खोलीत पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. समोर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या आणि शेजारी मावशींचा फोटो. कुठल्याशा ओळखपत्रावरचा, ओढूनताणून मोठा केलेला. डोळे वटारलेले, चेहऱ्यावर कुणी दरडावल्यासारखी भीती. या बाई मला माहीत नव्हत्या.

विधी आटोपल्यावर पुतणी माझ्याजवळ आली. "तुम्हीच इंजिनियर ना? चांगला फोटो नव्हता हो एक पण. वाटलेल्यातला कुणाकडं सापडला नाही. काकी म्हणायची, सगळे इंजिनियरकडं आहेत, सर्व्हर बरा झाला की येतील. आहे का तुमच्याकडं एखादा?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडून पुसले गेले. सगळेच. मी काकींना खोटं सांगितलं होतं."

इतकी वर्षं जे अडलं होतं ते एका दमात बाहेर आलं. आजूबाजूच्या चार-पाच माणसांनी वळून बघितलं. पुतणी म्हणाली, "पण तिनं लिहिलेलं येतं, असं बदलापूरवाले म्हणतात. ते तरी वाचा."

मी मोबाइलवर पान उघडलं. भिंतीचा हिरवा, घरचा. मी खाली खाली गेलो आणि मावशींची स्वतःची चौकट शोधली.

‘ही मी आणि वरच्या मजल्यावरची शेवंता. उजवीकडची मी. ड्युटीवरून तशीच आले, म्हणून केस विस्कटलेत. समोरून हे म्हणतायत, हस जरा. म्हणून हसतेय. हे फोटोत नाहीत.’

मी मान खाली घालून थांबलो. कुणी काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, याची वाट बघत होतो. पुतणी म्हणाली, "पुढचा वाचा."

मी पुढचा वाचला. मग वरून सुरुवात करून सगळेच वाचले. मधे कुणी बोललं नाही. एका म्हातारीने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले होते आणि ती मधूनमधून मान डोलवत होती, खोलीत कुणी आत येताना दिसावं तशी. साठावी ओळ वाचून झाली तरी तिने डोळे उघडले नाहीत.

मावशींना एकदा सगळे लागोपाठ बघायचे होते. मी त्यांना असं वाचून दाखवलं असतं तर त्यांनीही डोळे मिटून सगळे बघितले असते. त्यांना ते येत होतं, तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यासाठी कुठलाही सर्व्हर बरा व्हायला नको होता. मी फोन उचलायला हवा होता, एवढंच.