आमचे दाजी आणि बोळातली खिडकी

मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यात दुपारी सुखानं झोप लागलेला माणूस दिसला, तर त्याच्या घरचा एसी आमच्या दाजींनी बसवलेला आहे असं खुशाल समजावं. आणि घरात एसी असूनही जो घामाघूम होऊन भिंतीवरचे पाण्याचे ओघळ पुसत बसला आहे, त्यानं दाजींशी भांडून तो दुसऱ्या कुणाकडून तरी बसवून घेतलेला असतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. धंदा एसी बसवण्याचा. एसीचे दोन भाग असतात; थंड हवा देणारा खोलीत टांगायचा, गरम हवा फेकणारा बाहेर. मधे तांब्याची नळी, एक वायर आणि पाणी जायला पाइप. इतर लोक हे काम चहा गार व्हायच्या आत उरकतात. दाजींच्या हाती ते गेलं की त्याचं लग्नकार्य होतं आणि लग्नकार्यासारखंच त्यात कुणीतरी रुसतंही.

मुळात गिऱ्हाईकानं मशीन विकत घेण्याआधीच दाजींना खोली बघायची असे. एसीला ते कधी एसी म्हणाले नाहीत, मशीनच म्हणायचे. खोली बघायची म्हणजे दारातून डोकावायची नव्हे. भर उन्हाच्या वेळी जायचं, खुर्ची मागून घ्यायची, पंखा बंद करायला लावायचा आणि अंगातला सदरा भिजेपर्यंत त्या खोलीत बसून राहायचं. वर स्लॅब की पत्रा, ऊन कुठल्या भिंतीवर येतं, माणसं कुठं डोकं करून झोपतात, याची चौकशी व्हायची. नवीन लग्न झालेल्या घरात हा शेवटचा प्रश्न ते इतक्या गंभीरपणे विचारत, की सून आत पळून जायची. "डोस्क्यावर थेट वारं आलं तर सकाळी मान धरते, मंग मला शिव्या देता," हे त्यांचं स्पष्टीकरण. एकदा एका किराणा दुकानदाराच्या दिवाणखान्यात असंच घाम गाळून झाल्यावर दाजी उठले आणि म्हणाले, "शेठ, तुमाला मशीन न्हाई, जाड पडदा पाह्यजे." दुकानदारानं पडदा लावला. दाजींना आनंद झाला. घरी येऊन हे अक्काला सांगितलं, तेव्हा तिला मात्र तो झाला नाही.

नळ्या जोडून झाल्या की त्यांच्यातली हवा आणि दमटपणा पंपानं ओढून काढावा लागतो. बरेच जण हे काम टाळतात, थोडा गॅस सोडून हवा बाहेर हुसकतात आणि मोकळे होतात. दाजींचा पंप मात्र घरघरत राहायचा आणि ते त्याच्या काट्याकडे बघत मांडी घालून बसायचे. घरची मंडळीही आरतीची वाट बघितल्यासारखी भोवती जमायची. "आता चालू करा की दाजी," असं कुणी म्हटलं (त्यांना सगळं गावच दाजी म्हणतं), की उत्तर ठरलेलं असे, "काहून घाई करता? पोटात हवा असल्यावर माणूस सुखानं झोपतो का? मंग मशीन कसं चालंल?" फ्रीजच्याच बटणावर एसी जोडा म्हणणाऱ्याशी ते सरळ भांडत. मशीनला स्वतंत्र वायर नाही, अर्थिंग नाही, तर ते सामानाची पिशवी उचलून दारापर्यंत जात. दारापर्यंतच जात, कारण तेवढ्यात घरातली बाई "अहो, ऐका ना त्यांचं" असं नवऱ्याला म्हणणार, याची त्यांना खात्री असे.

पाण्याच्या पाइपाची परीक्षा तर बघण्यासारखी. आतल्या भागात तांब्याभर पाणी ओतायचं आणि घरातल्या सगळ्यांनी मागच्या अंगणात जाऊन ते पाइपातून येताना बघायचं. उतार बरोबर असेल तर पाणी येणारच, पण दाजींच्या चेहऱ्यावर तेव्हा पाटाला पाणी सुटल्याचा आनंद असे. सेनगावला एका आजीबाईंनी त्या पाइपाला हळद-कुंकू वाहिलं. दाजींनी त्यांना अडवलं नाही, उलट पुढं होऊन स्वतःच हात जोडले. मग शेवटी रिमोटची शिकवणी. ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला द्यायची, कारण तरुणांना येतंच. "चोवीसवर ठेवायचं. सोळावर ठिवून वरून गोधडी पांघरणाऱ्या माणसाला मी मशीन लावून देत न्हाई." आजोबा घाबरून रिमोट उशाखाली ठेवत आणि पुढं कुणाच्या हाताला लागू देत नसत.

पण ज्या गोष्टीमुळे दाजींची जिल्हाभर ख्याती झाली आणि ज्या गोष्टीनं पुढं त्यांचा घात केला, ती वेगळीच. बाहेरचा भाग जिथं टांगायचा, तिथून गरम हवा ज्याच्या खिडकीवर जाणार, त्या शेजाऱ्याला विचारल्याशिवाय दाजी भिंतीला भोक पाडत नसत. विचारायचं म्हणजे ओरडून नव्हे. त्याच्या घरी जायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि मग म्हणायचं, "मशीन लावायचं हाये. गरम हवा तुमच्याकडं यील. तुमाला काही तकलीफ?" आणि हे दाजींनी नाही, ज्याचं मशीन त्यानंच विचारायचं. जवळा बाजारला एका कापूस व्यापाऱ्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा नालीवरून अबोला होता. व्यापारी म्हणाला, मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. दाजींनी शिडी भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्या पायरीवर बसून घेतलं. "मशीन तुमचं, थंड हवा तुमाला, गरम हवा त्याला. मंग इचारायचं मी व्हय?" शेवटी वैतागून व्यापारी गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून दाजी बघायला गेले, तर दोघं पोहे खात होते. ही हकिकत दाजी इतक्या वेळा सांगत, की अक्का पोह्यांच्या आधीच हसायची.

आता दाजींच्या स्वतःच्या घराचं सांगतो. त्यांच्या घरात एसी नव्हता. घर दोन्ही अंगांनी दुसऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं, वर पत्रे, समोर गल्ली अशी की जीप आली तर भिंतीवरची पोरं पाय वर घेतात. बाहेरचा भाग लावायला जागा एकच, मागचा बोळ. आणि बोळाच्या पलीकडे बरोबर समोर थोरल्या भावाची खिडकी. हे थोरले एसटीत ड्रायव्हर होते. जन्मभर कानावर वारं घेतल्यामुळे निवृत्त झाल्यावरही उघड्या खिडकीशिवाय त्यांना झोप येत नसे. थंडीतही खिडकी उघडी आणि तिच्याखाली खाट. हे दोघं भाऊ पूर्वी त्या बोळातून एकमेकांना अडकित्ता देत-घेत. मग थोरल्यांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेत निमंत्रकांच्या ओळीत भावकीतल्या चुलत्यांची, मामांची नावं आली आणि सख्खा चुलता असून दाजींचं नाव खाली, व्यवस्थापक मंडळींच्या गर्दीत गेलं. थोरल्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. छापखान्यात जो लांबचा पुतण्या गेला होता, त्यानं आपल्या अकलेनं मांडणी केली होती. पण पत्रिका वाटली गेली होती. दाजींनी लग्नात पडेल ते काम केलं, पंगती वाढल्या, वरमाईचा रुसवा काढला आणि मांडव उतरल्यावर थोरल्यांशी बोलणं बंद केलं. थोरले म्हणाले, लहान आहे, येईल. दाजी म्हणाले, चूक त्यांची आहे, त्यांनी यावं. दोघींचं, म्हणजे अक्काचं आणि तिच्या जावेचं, मात्र काही बिघडलं नाही. त्यांची भाजीची वाटी बोळातून रोज इकडून तिकडे जात राहिली.

अशात अक्काला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात हिला गारव्यात ठेवा, पत्र्याखाली अजिबात नको. पाडव्याला दाजी मशीन घेऊन आले. आणि ते खोक्यातच राहिलं. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, अक्का त्या खोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली. गावभर गारवा वाटणाऱ्या माणसाची बायको ओला पंचा मानेवर घेऊन भाकरी थापत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "दाजी, टांगून टाका. बोळ काही त्यांच्या एकट्याचा नाही."

दाजी माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी दरोडा घालायला सांगत होतो. "पाव्हणं, खाट हाये त्याची तिथं. डोस्क्यापाशी भट्टी लावू त्याच्या?"

"मग विचारा जाऊन."

"त्यानं आधी माझ्याशी बोलावं."

"बरं, अक्का विचारेल जाऊबाईंना."

"ज्याचं मशीन त्यानंच इचारायचं. लोकायला सांगतो आन् घरी येगळं करू व्हय?"

विचारल्याशिवाय लावायचं नाही आणि विचारायला जायचं नाही. एवढ्या दोन गाठींत आमची अक्का तो उन्हाळा अडकली होती. मे महिन्यात ती चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाइन लागलं. दाजी तिच्या पायाशी बसून होते, डोळे पुसत होते आणि तरीही भावाला विचारायला गेले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तोंडावर बोललोही, "तुमचा मानपान मोठा की माझी बहीण?" अक्काच म्हणाली, "राहू दे रे, पाऊस येईल आता." पाऊस आला, अक्का बरी झाली आणि मशीन खोक्यातच राहिलं.

पोळ्याच्या आधी थोरले गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढत होते, तिथंच बसले ते बसलेच. तिरडी बांधण्यापासून अस्थी विसर्जनापर्यंत सगळं दाजींनी केलं. रडले नाहीत. लोक म्हणाले, मनात अढी होती म्हणून. मला ते लोकांचं बोलणं आवडलं नव्हतं, पण माझाही राग अजून गेला नव्हता.

या वर्षी होळी झाली, ऊन तापायला लागलं, तेव्हा दाजींचा मला फोन आला. "पाव्हणं, येता का जरा? वहिनीकडं जायचंय." मी गेलो. दाजींनी धुतलेला सदरा घातला होता. थोरल्यांच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, आत गेलो, वहिनींनी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर कुठल्याही परक्या शेजाऱ्यापुढे बोलावं तसं दाजी बोलले, "वहिनी, मशीन लावायचं हाये. गरम हवा तुमच्या खिडकीवर यील. तुमाला काही तकलीफ?"

"लावा की भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तिथं आता कोण झोपतंय?"

दाजींनी मान हलवली. उठायला हवं होतं, पण उठले नाहीत. वहिनी कपबश्या उचलता उचलता थांबल्या.

"मागल्या पाडव्याला तुमच्याकडं खोकं आलं, त्या दिवशी हे लई खुशीत होते. म्हणले, आता येतंय बघ आपलं पोरगं. शेजाऱ्याला इचारल्याबिगर त्याचं मशीन लागतच न्हाई. रोज दिवस कलला की सदरा घालून दारात बसायचे. म्हणायचे, तो इचारायला यील आन् मी बनियनवर असंन, बरं दिसंल का? पार पाऊस येईस्तोवर बसले. मी अक्काला सांगते म्हणलं, तर मलाच दटावलं. सांगितल्यावर आला तर मंग काय आला, म्हणले."

दाजी तेव्हा रडले. साठीला आलेला माणूस वहिनीच्या घरात खांबाला टेकून मोठ्यानं रडत होता आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वर्षभर मनात धरलेला माझा रागही तिथंच सरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन लावलं. काही म्हणता काही सोडलं नाही. तापल्या खोलीत बसले, पंप चालवला, तांब्याभर पाणी ओतून ते बोळात येताना आम्हाला दाखवलं, अक्काला समोर बसवून रिमोट शिकवला. अक्का आता दुपारी शांत झोपते. चेहरा भरला आहे तिचा. दाजी मात्र त्या खोलीत झोपत नाहीत. पुढच्या खोलीत पत्र्याखाली सतरंजी टाकून पडतात आणि वर्तमानपत्रानं वारा घेतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "मला गारवा बाधतो."

आणि अक्का निजली, की अधूनमधून हळूच आत येऊन मशीन थोडा वेळ बंद करतात. मी एकदा त्यांना असं करताना पाहिलं. बोळातली गरम हवा थांबली होती आणि दाजी बोळाकडच्या भिंतीला, बरोबर थोरल्यांच्या खिडकीसमोर, हात लावून उभे होते.