मंगळाचा तास

चष्मेकाकांच्या दुकानात शिरलं की आधी समोरच्या आरशात आपलाच चेहरा दिसतो, मग काकांचं टक्कल, आणि मग काउंटरच्या आतल्या बाजूला खुर्चीत बसलेल्या काकू. नवीन गिऱ्हाईक त्यांनाही गिऱ्हाईकच समजतं. "बसा ना, यांच्या हातातलं झालं की तुमचं बघतील," असं काकूच त्याला सांगतात, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच, तितक्याच अगत्यानं सांगतात.

काका मान वर करत नाहीत. काच फिरत्या दगडावर धरायची, किंचित घासायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. घाई केली की टवका उडतो. हात असा शांत असलेला माणूस आतून किती हबकलेला आहे, हे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

काकूंचं विसरणं चहात दोनदा साखर पडण्यापासून सुरू झालं. मग किल्ल्या, मग शेजारणींची नावं, मग स्वतःच्या घरातली मोरी कुठल्या दाराआड आहे तेसुद्धा. काकांनी ते सगळं निभावून नेलं. दारांवर चित्रं चिकटवली, गॅसची कळ काढून खिशात ठेवली, दुकानात शेजारी खुर्ची मांडली. निभावलं नाही ते एकच, शुक्रवारची संध्याकाळ.

शुक्रवारी दिवस मावळला की यहुदी घरांत शब्बाथ लागतो. बाई मेणबत्त्या लावते, पुरुष प्रार्थनाघरातून परततो आणि द्राक्षरसाचा पेला हातात धरून किद्दुश म्हणतो. आजचा दिवस वेगळा आहे, पवित्र आहे, असं सांगणारी ती प्रार्थना. ती झाल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. आता काही घरांत यात आणखी एक बारकावा पाळतात. संध्याकाळी सहा ते सात हा तास मंगळाचा, आणि मंगळ तापट. त्याच्या अमलात पेला उचलायचा नाही. सहाच्या आत म्हणून मोकळं व्हावं, नाहीतर सात वाजून जाऊ द्यावेत.

काकूंचं माहेर असं होतं. काकांचं घर तसं नव्हतं. त्यांचे वडील प्रार्थनेहून आले की टोपीवरचा पाऊस झटकायच्या आत किद्दुश सुरू करत. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी काकांनी पेला उचलला आणि नव्या नवरीनं त्यावर सरळ हात ठेवला.

"सात वाजू देत."

"अगं, मला मंगळ कळत नाही, भूक कळते."

"भूक थांबते. सांगून बघा तिला."

रीत म्हणून पाहिलं तर बायकोनं नवऱ्याच्या घरचं उचलायचं असतं. पण पेल्यावरचा हात काही हलला नाही, आणि काकांनी पेला खाली ठेवला तो कायमचाच. हिवाळ्यात प्रार्थना लवकर आटपे, आणि मग घरी तो रिकामा तास उरे. कापडाखाली दोन पाव झाकलेले, मेणबत्त्या लावलेल्या, पोटात कावळे ओरडतायत, शब्बाथ म्हणून काम करायचं नाही, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. मग बोलायचं. मुलीच्या शाळेचं, दुकानाच्या गळतीचं, नणंदेच्या स्वभावाचं, सगळं बोलणं त्या तासात झालं. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या रेडिओवर सातच्या बातम्यांची धून वाजली की काका म्हणत, "सुटलो बाई मंगळाच्या तावडीतून." काकू हसत आणि पेला भरत.

आणि आता सगळं विसरलेल्या काकूंना ही एकच गोष्ट पक्की लक्षात राहिली होती, की या तासात किद्दुश म्हणायचा नसतो. तास संपतो, एवढं मात्र त्या विसरल्या होत्या.

बाहेर अंधार पडला की त्यांच्या लेखी तो तास लागलेला असे. काका प्रार्थनेहून येत तेव्हा त्या टेबलाशी पाठ ताठ करून बसलेल्या असत. "आत्ता नको हं," त्या म्हणत. वर बातम्यांची धून वाजे. काका उठून पेला भरत. काकू घड्याळाकडे बघत, कुठला काटा कोणता ते त्यांना उमगत नसे, आणि चेहरा घाबराघुबरा होई. "आत्ता नको म्हटलं ना मी. बाबा काय म्हणतील?" आणखी थोडं थांबावं, म्हणून काका थांबत. थांबून थांबून काकू थकत आणि उपाशीच जाऊन झोपत.

काकांनी आधी काय करावं, तर काकूंचा चष्मा बदलला. सगळं आयुष्य ज्यानं लोकांना दिसत नाही म्हणून काचा घासल्या, त्याला दुसरं काय सुचणार? हिला घड्याळ दिसत नसेल. नवीन नंबर काढला, काच इतकी निगुतीनं बसवली की दुकानातल्या कुणाच्याच फ्रेमला तशी बसली नसेल. काकूंनी तो चष्मा लावून घड्याळाकडे पाहिलं. "छान दिसतंय," म्हणाल्या. "सहा वाजून गेले की."

आठ वाजले होते.

काकूंना साखरेचा आजार. गोळ्या चालू, आणि पोट रिकामं. डॉक्टर काकांच्याच वयाचे, दुकानातलाच चष्मा लावणारे. ते म्हणाले, "आजाऱ्याला तुमच्याकडे सूट असेलच ना? किद्दुशच्या आधी चार घास द्या."

"सूट आहे हो. मी सांगितलं तिला."

"मग?"

"ती म्हणाली, मी कुठं आजारी आहे?"

डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मग काकांनी ती चूक केली. तिला वाट बघणंच सोसत नाही, तेव्हा वाटच बघायला लावायची नाही, असा त्यांनी विचार केला. शुक्रवारी मेणबत्त्या लागायच्या आत खुर्चीवर चढून घड्याळाचे काटे पुढे ढकलले आणि प्रार्थनेला गेले. परत आले तेव्हा घड्याळात काटे कुठच्या कुठं पोचलेले. "बघ, केव्हाच होऊन गेला तुझा मंगळ," ते म्हणाले, आणि आवाज हलू न देता किद्दुश म्हटला. त्यांच्या वडिलांच्या रीतीनं त्यात वावगं काहीच नव्हतं. काकूंनी आमेन म्हटलं, घोट घेतला, पाव मोडला, सूप मागून घेतलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. स्वतः जेवायचं त्यांना सुचलंच नाही.

काकूंचा दुसरा वाडगा अर्धा झाला आणि वर रेडिओवर धून वाजली.

मुलीचं नाव विसरणाऱ्या बाईनं ती धून ओळखली. चमचा खाली ठेवला. घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुम्ही काटे फिरवलेत."

"अगं..."

"त्या तासात मला पाजलंत. मला." त्या ओरडल्या नाहीत. तोंड पुसावं तसं नॅपकिननं जीभ पुसत राहिल्या, आणि काकांना ते बघवेना.

बाकी सगळं विसरल्या, पण हे त्यांच्या मनात कुठंतरी रुतून बसलं. त्यापुढं शुक्रवारी त्यांनी घड्याळावर विश्वास ठेवला नाही. रेडिओवरही नाही. "वरच्यांना सांगून ठेवलंय यांनी," असं त्या भिंतीला सांगत. दुसऱ्या शुक्रवारी उपाशी, तिसऱ्यालाही उपाशी. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी काका कपडे करत होते, आणि मोरीच्या दारात धप्पकन आवाज झाला.

हाड मोडलं नाही एवढंच. कपाळ मात्र काळंनिळं झालं. मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. ती रागावली तरी हळू बोलते, आईसारखीच.

"पप्पा, मी तुम्हाला दोष देत नाहीये."

"दे की. द्यायला हवा."

"आमच्याकडच्या एका शुश्रूषागृहात मी बोलून ठेवलंय. खोलीला खिडकी आहे. चार वेळा खायला देतात. परत अशी पडली तर मी तिला घेऊन जाणार."

"तिथं शुक्रवार असतो का?"

मुलीनं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "तिथं ती जेवेल, पप्पा," मग म्हणाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की बायको आपल्यापाशी उपाशी मरेल आणि दुसरीकडे जगेल. मुलगी गेल्यावर ते मोरीत नळ सोडून रडले, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या आठवड्यात ते काचा घासत आणि टवके उडत. एका म्हातारबुवांची काच दोनदा फुटली. "काका, डोळे तपासून घ्या एकदा," असं गिऱ्हाईक थट्टेनं म्हणालं, काकाही हसले.

बुधवारी दुपार कलली तेव्हा दुकानात ऊन शिरलं. काउंटरवरच्या काचांतून निसटून त्याचे कवडसे समोरच्या भिंतीवर नाचायला लागले. काकू बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "बाबा आले का?"

काकांना सवय झालेली. "येतील."

"आज लवकर येणार म्हणालेत. आईला बरं नाही ना, तिला उशिरा जेवून चालत नाही." आवाज स्वच्छ होता, लहान मुलीसारखा. "भिंतीवर ऊन असतानाच मेणबत्त्या लावायच्या म्हणाले. मंगळाला पत्ता लागायच्या आत आपण जेवून मोकळे."

काकांनी दगड बंद केला.

"सगळा हिवाळा तसंच करायचे का गं बाबा?"

"मग? पेल्यात ऊन दिसायचं," काकू म्हणाल्या. "बसा ना, यांच्या हातातलं झालं की तुमचं बघतील."

सहाच्या आत म्हणावं, नाहीतर सातनंतर. इतकी वर्षं काका त्यातलं दुसरं अर्धंच धरून बसले होते. सूर्य मावळायच्या तासभर आधी शब्बाथ घरात घेता येतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. पण ते करायचं तर प्रार्थनेच्या वेळी ते काकूंसोबत ताटावर असणार, प्रार्थनाघरात जाता येणार नव्हतं, आणि तिथं पुरुष उरले होते मोजके दहा. दहांवाचून सामुदायिक प्रार्थना होत नाही. दहावे काका.

ते संध्याकाळी बेकरीत गेले. बेकरीवाला त्यांचा शाळेपासूनचा मित्र, प्रार्थनाघराचं सगळं तोच बघे. तो पिठाच्या हातानं ऐकत राहिला.

"म्हणजे शुक्रवारी तू नाहीस."

"नाही."

"लवकर उरकू सगळे?"

"लोक कामावरून सुटणार कधी? मीच विचार करून आलोय."

"चष्म्या, या शुक्रवारी माझ्या भावाची तिथी आहे." बेकरीवाला टेबलावरचं पीठ उगाच गोळा करायला लागला. "मला त्याच्यासाठी कद्दिश म्हणायचाय. नऊ जणांत तो म्हणता येत नाही. हे तुला मी सांगायला हवं का?"

"नको."

"पुढच्या शुक्रवारपासून कर."

"या शुक्रवारी पडली तर पुढचा नाही रे."

बेकरीवाल्यानं पिठाचा गोळा पुन्हा मळायला घेतला. मग गिऱ्हाईक आलं, आणि त्याच्या मागून काका बाहेर पडले. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, आणि हा गेलेला भाऊ लहानपणी काकांनाही खांद्यावर बसवून नदीवर नेणारा होता. काका रस्त्याच्या कडेला थांबले, परत फिरायला निघाले, पुन्हा थांबले. घरी काकू एकट्या होत्या म्हणून ते घरी गेले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद झालं. एरवी संध्याकाळी येणारे दोन पाव त्या दिवशी भर दुपारीच दारात आले, कागदात गुंडाळलेले, हाताला चटका बसेल इतके गरम. आणून देणारी बेकरीवाल्याची सून म्हणाली, "मामंजींनी सांगितलंय, गार व्हायच्या आत खा म्हणावं." कद्दिशचं काय झालं, हे विचारायचं काकांना धाडस झालं नाही.

ऊन अजून भिंतीवर होतं. काकूंनी मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले, त्यातलं त्यांचं काही चुकत नाही. काकांनी एकट्यानंच संध्याकाळची प्रार्थना म्हटली. दहाव्याशिवायचे नऊजण डोळ्यांपुढं येत होते, ते बाजूला सारता आले नाहीत. मग पेला भरला आणि खिडकीशी असा धरला की त्यात उजेड पडावा.

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलंच नाही. काका पेला तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. 

"म्हणा ना," काकू म्हणाल्या. "ऊन जाईल."

त्यांनी म्हटलं. काकूंचं आमेन खणखणीत आलं. त्या जेवल्या, पाव खाल्ला, मासे खाल्ले, काकांच्या ताटातला बटाटाही उचलला. 

मग ऊन भिंतीवरून सरकत छताला गेलं आणि विझलं. बाहेर अंधार झाला. काकूंनी ताट लांब सारलं, पाठ ताठ केली. चेहऱ्यावर तीच ओळखीची भीती आली.

"लागला का हो तो तास?"

"लागला."

"किद्दुश व्हायचाय आपला."

झालाय, असं सांगायला काकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. खोटं त्यांना बोलवेना, आणि खरं तिला समजणार नव्हतं. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"थांबू की," ते म्हणाले. "बोल काहीतरी."

काकू बोलायला लागल्या. नणंदेच्या स्वभावाचं, दुकानाच्या गळतीचं, सगळं उलटसुलट. मेणबत्त्या खाली आल्या. पुढच्या शुक्रवारी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि नऊजणांना पुन्हा एकजण कमी. वर बातम्यांची धून वाजली तरी त्या बोलतच राहिल्या. मग मध्येच थांबल्या आणि पोटावर हात ठेवून नवलानं म्हणाल्या,

"अहो, आज मला भूक कशी नाही लागली?"

"लागेल उद्या," काका म्हणाले.